दीर्घ रजेनंतर सायकलवर रुजू होण्याबाबत

लेकीला शाळेच्या व्हॅनमध्ये उलटी होते, ही बाब तशी किरकोळ होती. पहिल्या वळणाला मळमळ, दुसऱ्याला रुमाल, तिसऱ्याला शेजारच्या मुलाचं दप्तर. शेवटी व्हॅनवाल्या काकांनी हात जोडले, तेव्हा चौथीतल्या त्या पोरीनं स्वतःच तोडगा काढला. ती सायकलनं जाणार होती. शाळेची हरकत नव्हती. फक्त चौथीपर्यंतच्या मुलांबरोबर एका पालकानं सायकलवर यायचं, एवढा नियम होता.

बाबांना सायकल येत नव्हती. ही माहिती लग्नानंतर उघडकीस आली होती. आई मात्र एके काळी दोन्ही हात सोडून, वर गाणं म्हणत सायकल मारायची. लेक झाल्यापासून ती सायकल गॅलरीत उभी होती आणि तिच्यावर टॉवेल वाळत होते.

"मग सोमवारपासून जाऊ या?" लेकीनं विचारलं.

"अगं, अशी एकदम कशी जाऊ? इतक्या वर्षांचा खंड पडलाय."

"त्यात काय? बसायचं आणि पायडल मारायचं," बाबा पेपरामागून म्हणाले.

"ज्याला येत नाही त्यानं बोलू नये. आमच्याकडे साधा शिपाई लांबच्या रजेवरून आला तरी तंदुरुस्तीच्या दाखल्याशिवाय मी त्याला रुजू करून घेत नाही. मग स्वतःला कशी घेऊ?"

आई एका मोठ्या कार्यालयात आस्थापना शाखा सांभाळायची. कोण रजेवर गेलं, कोण परत आलं आणि परत आलेला माणूस तोच आहे की नाही, हे ठरवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. या मुद्द्यावर तिच्याशी वाद घालून कुणी जिंकल्याचं ऐकिवात नव्हतं. बाबांनी पान उलटलं.

डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "ठणठणीत आहात."

"लेखी द्या."

"लेखी द्यायचं तर तुम्हाला सायकल चालवताना बघावं लागेल."

"पण दाखल्याशिवाय मी चालवणार कशी?"

डॉक्टरांनी डोकं खाजवलं. विचार करून ते म्हणाले, "मग रस्त्यावर चालवू नका. जागच्या जागी चालवा."

म्हणून आई व्यायामशाळेतल्या जागच्या सायकलवर दाखल झाली. तिथल्या प्रशिक्षकाचे दंड त्याच्या बाह्यांत मावत नव्हते.

"मॅडम, ध्येय काय आपलं?"

"शाळा."

"तसं नाही, किती किलो?"

"मुलगी तेवीस किलोची आहे."

प्रशिक्षकानं ते लिहून घेतलं. मग त्यानं आईची सलवार पाहिली आणि त्याचा चेहरा पडला. अशा कपड्यांत सायकल चालवणं म्हणजे शरीरावर अन्याय होता म्हणे. संध्याकाळी आई गाद्या शिवलेली घट्ट विजार, बोटं कापलेले हातमोजे, काळा चष्मा आणि भोकाभोकांचं हेल्मेट घालून घरात आली.

"आई, तू आगीच्या बंबावर लागलीस?" लेकीनं डोळे मोठे करून विचारलं.

रोज सकाळी व्हॅनच्या दारात लेक विचारायची, "आई, उद्या नक्की ना?" आणि आई तिच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी देत म्हणायची, "प्रक्रिया सुरू आहे, सोनू." पोरगी पिशवी घेऊन आत चढायची.

हेल्मेट इमारतीत सगळ्यांच्या डोळ्यांत भरलं. बघता बघता प्रत्येक घरातून एक गंजकी सायकल आणि एक भारावलेला पालक बाहेर पडला. पुनरागमन पालक सायकल मंडळ स्थापन झालं. अध्यक्ष अर्थातच आई. दर रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून बैठक व्हायची आणि सुरक्षिततेच्या दृष्टीनं सगळे हेल्मेट घालून बसायचे. एकदा दातांचे डॉक्टर झोप लागून खुर्चीतून पडले. त्यांना काही झालं नाही. हेल्मेटची उपयुक्तता सिद्ध झाल्याची नोंद टाळ्यांच्या गजरात घेण्यात आली.

घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. रस्त्यावर मूल पुढे असावं की पालक? उपसमिती नेमली, तर उपसमितीच फुटली. 'पुढे' गटातली माणसं 'मागे' गटातल्यांच्या मागून लिफ्टमध्येसुद्धा शिरेनात. शेवटी पालक शेजारून जाईल असा तोडगा निघाला आणि शुभारंभाचा दिवस ठरला.

शुभारंभाला दूरदूरचे पालक आले. सायकल चालवत येणं धोक्याचं, म्हणून प्रत्येकानं ती गाडीच्या टपावर बांधून आणली. पाहुण्यांची गाडी, त्यांच्या मागची गाडी, माइकवाल्याचा टेंपो. गल्ली अशी तुंबली की सायकल सोडा, मांजरसुद्धा पलीकडे जाईना. पाहुण्यांनी प्रदूषणावर तासभर भाषण केलं. लेक सायकल धरून पाय बदलत उभी राहिली आणि शेवटी जाऊन व्हॅनमध्ये बसली. व्हॅनही तिथंच अडकली होती. त्या दिवशी पोरीला एकही वळण न घेता उलटी झाली.

मंडळानं खेद व्यक्त केला. शुभारंभ पुढे ढकलला.

डॉक्टरांचा दाखला आला तेव्हा परीक्षा उरकल्या होत्या. पण आईनं धीर सोडला नाही. नव्या वर्षी शाळा उघडली त्या सकाळी ती पूर्ण गणवेशात फाटकाशी उभी राहिली. चाकांत हवा, खिशात दाखला.

लेक सायकल घेऊन खाली आली.

"चल!" आई म्हणाली.

"अगं आई, मी पाचवीत गेले. आता पालक लागत नाही."

"लागत नाही म्हणजे? मी येते ना!"

"आम्ही मैत्रिणी मैत्रिणी चाललोय. आणि हे बघ, हे घालून तिकडे येऊ नकोस हं, प्लीज."

घंटी वाजवत ती कोपऱ्यावरून गेलीसुद्धा. आईला फार वाईट वाटलं. मग कुणालाही न विचारता ती सायकलवर बसली आणि पायडल मारलं. सायकल निघाली. अगदी पूर्वीसारखी, तक्रार न करता. उतारावर तर एक हात आपोआप सुटला. हे इतकं सोपं होतं, या विचारानं तिला हसूही आलं आणि स्वतःचा भयंकर रागही आला.

शाळेच्या फाटकात रखवालदारानं हात आडवा केला.

"बाई, मूल कुठंय तुमचं?"

"आत गेलं."

"मग उशीर झाला तुम्हाला," तो म्हणाला आणि फाटक लावून घेतलं.

हसलात ना? खुशाल हसा. फक्त मघापासून तुमचा कोपर ओढत कुणीतरी "चल ना" म्हणतंय आणि "एवढी गोष्ट संपू दे" असं सांगून तुम्ही त्याला उभं करून ठेवलंय. संपली गोष्ट. उठा आता.