मेथी घालून भिजवलेलं दप्तर

लग्न होऊन श्रीगोंद्याजवळच्या ह्या गावात आले तेव्हा मी सातवी पास होते आणि अकलेनं पहिली नापास. आजेसासूबाईंवर छाप पाडायची म्हणून माळ्यावरचं एक जुनं दप्तर काढलं, त्यातले कागद चिकटपणासाठी मेथीदाण्यांबरोबर भिजत घातले, कुटून लगदा केला आणि पालथ्या घागरीवर थापून झकास टोपली केली. वरच्या दोन कागदांवर मोडी होती. मला ती वाचता येईना, म्हणजे ते लिखाणच नसणार, आणि खालचेही कागद तसलेच असणार, असा माझा सातवी पास निष्कर्ष! पुढे मामंजी जमिनीचे कागद शोधू लागले, तेव्हा मी कौतुकानं टोपली पुढे केली. तीत भाकरी होत्या. मामंजींनी एक भाकरी उचलली, टोपली फिरवून फिरवून पाहिली आणि न जेवता उठून गेले.

ह्याच टोपलीनं आमच्या सोपानभावजींना वेड लावलं, असं गाव म्हणतं.

भावजी म्हणजे माझे चुलतदीर. आधी बाप गेला, मागोमाग आई, म्हणून आमच्याच घरात वाढले. मी आले तेव्हा त्यांचे दुधाचे दात पडत होते. पण दीर तो दीर, मान द्यायलाच हवा. "भावजी, नाक शिंकरा," असं अहोजाहो करीत मी त्यांना मोठं केलं. पुढे भिंगारच्या छावणीत स्टोअरकीपर झाले. लग्नाचं राहून गेलं. रिटायर होऊन गावी परतले आणि जुन्या नोंदींच्या मागे लागले.

हवं होतं एकच: आईचं नाव. ती पाथर्डीकडची, म्हणून घरात सगळे तिला 'पाथर्डीवाली'च म्हणायचे. मी यायच्या आधीच ती गेली. भावजींना विचारायची बुद्धी झाली तोवर सांगणारं कुणी उरलं नव्हतं. बाप गेल्यावर जमीन भावजींच्या नावावर लागली. मूल लहान, कागदाच्या भाषेत 'अज्ञान', असलं की त्याच्या नावापुढे सांभाळणाऱ्या आईचं नाव घालतात. तो कागद होता त्या दप्तरात. म्हणजे माझ्या टोपलीत. एकदा टोपलीवर भिंग धरून भावजी दुपारभर बसले होते.

"काय सापडलं?" मी विचारलं.

"मेथी," ते म्हणाले.

मग तालुक्याच्या कचेरीत खेटे सुरू झाले. तिथं हल्ली जातीच्या दाखल्यासाठी झुंबड असते. लोकांना पणजोबा सापडला की त्याची झेरॉक्स काढतात आणि पुन्हा म्हाताऱ्याची आठवण काढत नाहीत. भावजी मात्र पाहुण्याकडे जावं तसे जातात. डोक्यावर परीटघडीची टोपी, खिशात जुन्या कागदांत ठेवायला डांबरगोळ्या. पूर्वज सापडला की टोपी काढून त्याला रामराम घालतात. तिथला कारकून आधी घाबरायचा. आता तोच विचारतो, "बाबा, आज कुनाकडं?"

"नोंद हाय का?" हे तर त्यांच्या तोंडात बसलंय. लग्नात कुणी म्हणालं, "हे माझे मामा," की भावजी म्हणणार, "नोंद हाय का?" मी चहात साखर घातली म्हटलं तरी तेच.

पणजोबा रखमाजींनी मळ्यातली अर्धी विहीर विकल्याची नोंद सापडली, त्या पितृपंधरवड्यात तर कहर झाला. मी सगळ्या पितरांची पानं वाढली आणि भावजींनी रखमाजींचं पान उचललं.

"अहो, मेलेल्या माणसाला उपाशी ठेवता?"

"इहीर इकताना त्येला आमी दिसलो न्हाई. आता आमाला त्यो दिसत न्हाई."

आणि ते पान स्वतःच जेवले.

गेल्या महिन्यात कारकुनाचा फोन आला: बापाच्या माघारची नोंद निघालीय. मीही बरोबर गेले. टोपलीची आरोपी हजर नको का? पान पिवळं पडलेलं, कडा कुरतडलेल्या. भावजींनी टोपी काढली. बोट ओळीवरून सरकत गेलं आणि थांबलं. 'सोपान, अज्ञान, पालन करणार आई.' पुढे काही नाही. बांधावरच्या बाभळी मोजून लिहायला त्या लिहिणाऱ्याकडे शाई होती; नेमकी बाईच्या नावापाशी संपली.

"म्हणजे टोपलीतल्या कागदावरही नाव नसणारच," मी म्हटलं. "सुटले मी!"

माझ्या जिभेला ह्या वयातही हाड फुटलेलं नाही.

एसटी स्टँडवर चहा सांगितला. भावजींनी पिशवीतून वंशावळीचा कागद काढला, मांडीवर पसरला. पुरुषांच्या चौकटी भरगच्च. आईची तेवढी इतकी वर्षं कोरी ठेवलेली. तीत त्यांनी 'पाथर्डीवाली' असं लिहिलं. मग थोडं थांबून त्याखाली आणखी काहीतरी. मी चष्मा लावून वाकले. खाली माझं नाव होतं.

मग त्यांचंच हत्यार उचललं. "भावजी, ह्याला नोंद आहे का?"

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"हाय की. सरकारनं आई लिवून फुडची जागा मोकळी सोडलीया. माजं नाक कुनी पुसलं, ह्याची नोंद माज्याकडं हाय, वैनी."