किसनतात्यांच्या दारातली रुई

रुईला कुणी पाणी घालतं का हो? माळावर, उकिरड्यावर, पडक्या भिंतीत जी कुणाला न विचारता उगवते, त्या रुईला आमचे शेजारी किसनतात्या रोज सकाळी बादलीभर पाणी घालतात. आमच्या आळीत नळ कधी येईल याचा नेम नाही. अंबाजोगाईहून कौतुकानं आणलेला माझा गुलाब पाण्यावाचून वाळून गेला, आणि हा गृहस्थ रुईला न्हाऊ घालतो! संताप होणार नाही तर काय होईल?

बरं, झाड तरी केवढं! तात्यांच्या टोपीच्याही वर हातभर. उन्हाळ्यात बोंडं फुटली की त्यातल्या म्हाताऱ्या उडतात त्या थेट आमच्या गच्चीवरच्या ओल्या कुरडयांवर. मागच्या उन्हाळ्यात बायको चिकटलेल्या म्हाताऱ्या वेचत बसली होती. मी तक्रार करायला गेलो, तर तात्याच तापले. "कुरडया झाकून ठिवायच्या व्हत्या. वारं काय मी सोडलंय? बोलायची काई तमीज?"

तमीज हा तात्यांचा लाडका शब्द. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी लोक पानं-फुलं तोडायला येतात, तेव्हा तात्या खुर्ची टाकून पहाऱ्याला बसतात. खालची जून पानं घ्यायची, फुलाला हात लावायचा नाही. "भुंगे जेवायला आल्यात. ताटावरून उठवता का त्यान्ला? तमीज हाय का न्हाई?" हे भुंगे अंगठ्याएवढे, काळेकुट्ट. ते आमच्या खिडकीतून आत घुसतात आणि बायको किंचाळते. त्यावर भिंतीपलीकडून तात्या तिलाच दटावतात, "वैनी, वरडू नका, बिचारे बिचकत्यात." बिचारे म्हणे!

म्हणून यंदा नालीच्या कामाला जेसीबी आला आणि आखलेली रेघ बरोबर रुईवरून गेली, तेव्हा मी चहाचा कप घेऊन मजा बघायला ओट्यावर आलो. तात्या रुईला पाठ लावून उभे होते. ग्रामपंचायतीचा शिपाई विनवण्या करून थकला होता.

"तात्या, एका रानटी झाडासाठी काय गाव अडवताय?" मी ओरडलो. "तुमची कोण लागते ती?"

"बायको!" तात्या गरजले.

शिपाई हसला. मीही हसलो. तात्या हसले नाहीत.

"दोन बायका गेल्या माझ्या. तिसरी करायची म्हनल्यावर आधी रुईसंगं लगीन लावलं, लावत्यात तसं. तिसरी म्हनून हिनं मरायचं, म्हंजी चौथी जगती. हितंच, ह्याच दारात अक्षता पडल्या, आन् हातात कोयता दिला. तोड म्हनले. त्या दोघी डोळ्यांम्होरं गेल्या, मला काई करता आलं न्हाई. हिचं जगनं तर माझ्या हातात व्हतं. कावून तोडू?"

"मग?"

"मग काय? रुई तोडत न्हाई तर पोरगी देत न्हाई म्हनले. वऱ्हाड माघारी गेलं. जेवून गेलं वर!"

तात्यांचं लग्न मोडलं होतं एवढं मला ठाऊक होतं. त्यांच्या तिरसट स्वभावामुळंच मोडलं असणार, असं मी धरून चाललो होतो. मला भयंकर राग आला. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहतो, आणि हे शेजाऱ्याला सांगायचं नाही? मी शिपायावरच खेकसलो, "बघताय काय? आमच्या दारातून वळवा नाली! फोडा हा ओटा!"

जेसीबीवाल्यानं तो लगेच फोडला. बायको आतून जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी अजून रागातच होतो, पण नेमका कुणावर ते माझं मलाच कळत नव्हतं.

जेसीबी गेला. तात्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ते रुईकडं वळले आणि खांद्यावरच्या पंच्यानं तिच्या पानांवरची धूळ एकेक करून पुसायला लागले.

"गेले बघ समदे," ते हळूच म्हणाले. "भिऊ नको. मी हाय."