ओकबुन आजींचा स्मृतिदिन

दैजॉन शहरात बोरमला नोकरी लागली होती, पण राहायला खोली नव्हती. खोलीचं डिपॉझिट मिळणार होतं ‘ओकबुन आजी स्मृतिनिधी’कडून. नव्याने नोकरीला लागलेल्या मुलींसाठीच काढलेला निधी तो. अट एकच, आजींच्या स्मृतिदिनाला येऊन तसबिरीला नमस्कार करायचा. आणि हो, त्यांना ‘आजी’च म्हणायचं. निधीचे अध्यक्ष, म्हणजे आजींचे चिरंजीव प्यॉनसाहेब, याबाबतीत भलतेच कडक होते.

स्मृतिदिन नेमका शुक्रवारी आला. नव्या माणसाला कसली आलीय रजा! तरी बोरम धीर करून विभागप्रमुख ग्वाकसाहेबांपुढे उभी राहिली.

"साहेब, शुक्रवारी सुट्टी हवी होती. आजींसाठी जायचंय."

"का? काय झालं आजींना?"

"त्या... गेल्या."

"अरेरे! अंत्यदर्शन कुठल्या हॉलमध्ये आहे?"

तिने हॉलचं नाव सांगितलं. कधी गेल्या, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. वीस वर्षं झाली म्हटल्यावर कोण मेला सुट्टी देतो?

शुक्रवारी बोरमच्या हातात मदतीच्या चेकचा भलामोठा पुठ्ठा दिला जात होता, तेवढ्यात दार उघडलं. आधी आलं माणसाएवढं उंच पांढऱ्या शेवंतीचं चक्र, त्यावर कंपनीच्या नावाची काळी पट्टी. त्याच्यामागे काळ्या सुटात अख्खा विभाग! सहकाऱ्याच्या घरचं कुणी गेलं की सगळ्यांनी जायचंच. जो जात नाही तो वर्षभर बोलणी खातो. मंडळींनी तसबिरीपुढे दोनदा लोटांगण घातलं आणि दुखवट्याच्या पैशांची पांढरी पाकिटं तिथल्या पेटीत टाकली.

"मयताला आलेल्यांना वाढतात तो रस्सा नाही का गं?" ऑफिसातली शेजारच्या टेबलावरची बाई बोरमच्या कानात कुजबुजली. "नुसत्या वड्याच?"

प्यॉनसाहेबांना गहिवरून आलं. "काय संस्कार तुमच्या कंपनीचे! मातोश्रींना जाऊन वीस वर्षं झाली, तरी एवढी माणसं!"

ग्वाकसाहेब अजून वाकलेलेच होते. "वीस वर्षं? मातोश्री? तुमच्या?"

मयताला दिलेलं पाकीट काही परत मागता येत नाही. तो सगळा राग मग बोरमवर निघाला. "खोटारडी कुठली! सोमवारपासून तोंड दाखवू नकोस."

"साहेब, तुम्ही तरी सांगा ना त्यांना," बोरम रडवेली होऊन प्यॉनसाहेबांकडे वळली.

प्यॉनसाहेबांनी हलकेच तिच्या हातातला पुठ्ठा काढून घेतला. "अगं, निधी नोकरीवाल्या मुलींसाठी आहे. तुला आता नोकरी कुठाय? मी तरी काय करू?" मग ग्वाकसाहेबांचा दंड धरून म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे जागा रिकामी झाली म्हणायची."

"झाली खरी."

"आमची चेरिन घरीच बसून असते हो."

चेरिन म्हणजे त्यांची मुलगी, मोटारीच्या किल्ल्या फिरवत वड्या खात होती. ग्वाकसाहेबांनी पाकिटांच्या पेटीकडे पाहिलं, तसबिरीकडे पाहिलं आणि हो म्हणून टाकलं. आता चेरिनही नव्याने नोकरीला लागलेली मुलगी झाली. मुलगी गरजू असावी असं नियमांत कुठेच नव्हतं. पुठ्ठा तिच्या हातात गेला.

बोरम दाराकडे वळली, पण तिला कुणी जाऊही देईना. फोटोत मुली कमी दिसत होत्या, म्हणून तिला चेरिनच्या मागे उभं केलं.

"हस की गं जरा," प्यॉनसाहेब म्हणाले. "मुलींच्या भल्याचं काम आहे हे."