पाच दारांवरच्या खडूच्या खुणा

शोधसम्राटांच्या बुद्धीला तोड नव्हती, हे स्वतः शोधसम्राटांनीच कितीदा तरी सांगितलं होतं. ही पदवीही त्यांनीच स्वतःला बहाल केलेली. बस डेपोच्या ‘हरवले-सापडले’ खात्यात एकतीस वर्षं काढून त्यांनी हजारो छत्र्यांचा छडा लावला होता. म्हणजे लोक येत, आपापली छत्री ओळखत आणि हे सही घेत.

निवृत्तीनंतरही ते त्याच स्वस्त इमारतीत राहत होते. पाच बिऱ्हाडं, पाच भाषा, आणि दारावरच्या पाट्या पाच लिप्यांत. समोरच्या घरातल्या भांडणाचा एक शब्द कळत नसे, पण कोण जिंकलं ते बरोबर कळे. अशा घरावर शोधसम्राटांचा जीव होता. शिवाय त्यांच्या पेन्शनीत शहरात दुसरीकडे फक्त जिना मिळाला असता.

त्या आठवड्यात मालक इमारत विकणार अशी कुणकुण लागली आणि दुसऱ्याच दिवशी पाचही दारांच्या चौकटींवर खडूच्या खुणा उमटल्या. शिंप्याच्या दारावर गोल, नर्सबाईंच्या दारावर आडवी रेघ, आणि शोधसम्राटांच्या दारावर फुली, खाली दोन रेघा.

"काका, हे काय असेल?" शिंप्याने विचारलं. चेहरा पांढराफटक.

शोधसम्राटांनी टेप लावली. "खूण साडेचार फुटांवर आहे. म्हणजे गुन्हेगार साडेपाच फुटांचा. किंवा सहा फुटांचा, वाकलेला. किंवा तीन फुटांचा, स्टुलावर."

"अहो, पण खुणेचा अर्थ?" नर्सबाई म्हणाल्या.

"उघड आहे. कोणाला कधी बाहेर काढायचं त्याची यादी. रेघ म्हणजे एक महिना. गोल म्हणजे शून्य."

शून्य महिने ऐकून शिंपी तिथेच पायरीवर बसला. त्याची दोन मुलं शाळेत होती, शिलाई मशीन जमिनीत ठोकून बसवलेली होती.

"आणि तुमची फुली?"

"माझ्या बुद्धीची धास्ती," शोधसम्राट गंभीरपणे म्हणाले. "मला ते आधी संपवणार."

दुपारी जिन्यात एक सुटातला माणूस दिसला. शोधसम्राटांनी वर्तमानपत्राआडून त्याचा तीन गल्ल्या पाठलाग केला. तो दातांच्या दवाखान्यात शिरला. तिथे शोधसम्राटांची एक दाढ विनाकारण तपासली गेली आणि ती किडलेली निघाली. तपासात लागलेला तो एकमेव शोध.

घरी आले तर बायको माळ्यावरून खोकी काढत होती. बावीस वर्षांचा संसार कुठल्या खोक्यात बसवायचा, हे पाहत होती. शोधसम्राटांना पहिल्यांदाच खरी भीती वाटली आणि त्यांनी टेप खिशात ठेवून दिली.

सकाळी जिन्यात पावलं वाजली. बायकोने दार उघडलं. बाहेर पार्सलवाली मुलगी, आठवड्यापूर्वीच या भागात लागलेली. काखेत खोका, कानामागे खडू.

"काय गं, या खुणा तू केल्यास?"

"हो काकू. पाट्या पाच लिप्यांत, मला एकच वाचता येते. मग खुणा केल्या. रेघ म्हणजे रात्रपाळीचं घर, बेल नको. गोल म्हणजे घरात कायम कोणीतरी असतं."

एवढा साधा प्रश्न विचारायला बायकोला टेप लागली नव्हती. शिंपी धावत वर आला, अर्थ कळल्यावर त्याने त्या मुलीला हात जोडले. बायको खोक्यावर बसून हसू लागली, हसता हसता पदराने डोळे पुसले. तेवढ्यात नर्सबाईंनी मालकाला फोन लावला. तो म्हणाला, विकायचं म्हणून बोललो होतो ती माझी जुनी गाडी.

"पण आमची फुली?" शोधसम्राटांनी छाती पुढे काढली.

मुलगी चुळबुळली. "राहू द्या ना काका."

"सांग!"

"फुली म्हणजे पार्सल ठेवायचं आणि पळायचं. पहिल्या दिवशी तुम्ही मला छत्र्यांचे प्रकार सांगितलेत. पंचावन्न मिनिटं."

"आणि खालच्या दोन रेघा?"

"नंतर दोनदा तुमच्या तावडीत सापडले त्याच्या."

शोधसम्राटांनी मनाला लावून घेतलं. पुढचे सात दिवस ती आली की ते नुसतं पाण्याचा ग्लास पुढे करत, तोंडातून चकार शब्द नाही. आठव्या दिवशी चौकटीवरची फुली पुसलेली होती. तिथे छानसा गोल होता, आणि चक्क बेल वाजली.

त्यांचा ऊर भरून आला. "ये, बस," ते म्हणाले, "हे प्रकरण मी कसं सोडवलं ते तुला सांगतो."

दुसऱ्या दिवशी चौकटीवर दोन फुल्या होत्या.