मेथीच्या जुडीचे अक्षांश-रेखांश

शाळेच्या वार्षिक माहितीपत्रकातला रकाना सात असा होता: ‘शाळेस लाभलेला लोकसहभाग (पुराव्यासह)’. मुख्याध्यापक शेषराव सर गेली सहा वर्षं त्यात ‘निरंक’ लिहीत आले होते आणि सहा वर्षांत त्यामुळे कोणाचंही काही बिघडलं नव्हतं.

सातव्या वर्षी तो कागद रूपालीच्या हाती पडला. रूपाली रसायनशास्त्रात एम. एस्सी. होती. नांदगाव पेठच्या पुढे, हमरस्त्यापासून चार किलोमीटर आत असलेल्या या दोनशिक्षकी शाळेत ती रोज अमरावतीच्या राजापेठेतून स्कूटरने येई. चुकीची नोंद दिसली की तिला दात दुखल्यासारखं होई.

“सर, निरंक कसं? दुर्गाबाई रोज भाजी ठेवतात ना?”

“ठेवतात. पण ठेवतात तेव्हा तुम्ही कुठं असता?”

“घरी.”

“मीही घरीच असतो. मग पुरावा?”

“खिचडीत असतो, सर.”

“खिचडी पोरं खाऊन टाकतात, मॅडम,” सर म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

गोष्ट खरी होती. पहाटे सव्वापाचला शाळेपाशी मालवाहू गाडी थांबे. गावातले भाजीवाले आपापली पोती तिच्यात चढवून अमरावतीच्या हर्रासाला, म्हणजे लिलावाला, निघत. चढण्याआधी दुर्गाबाई आपल्या पोत्यातल्या मेथीच्या दोन जुड्या काढून शाळेच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांत खोचत. त्यांचं पाहून कोणी चार वांगी ठेवी, कोणी कोथिंबीर. नऊ वाजता स्वयंपाक करणाऱ्या मायाबाई येत आणि जे असेल ते खिचडीत घालत. हे दुर्गाबाईंना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याबद्दल त्यांचे आभारही कोणी मानले नव्हते. त्यामुळेच बहुधा ते नीट चाललं होतं.

रूपालीने ते दुरुस्त करायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ती पहाटे पाचला हजर झाली आणि तिने फोटो काढला. त्यात गज होते, एक हात होता आणि मेथी होती. शासकीय ॲपने विचार करून उत्तर दिलं: ‘चेहरा आढळला नाही. वेळ शालेय वेळेबाहेर. सहभाग अमान्य.’

“मावशी, एक दिवस अकराला याल का?” तिने दुर्गाबाईंना विचारलं.

“अकराले? अकराले मी हर्रासात असते नं बाप्पा. अन् मेथी तवापर्यंत पार झोपून जाते.”

“एकच दिवस. तुमच्या प्रणालीच्या शाळेसाठी.”

प्रणाली म्हणजे दुर्गाबाईंची तिसरीतली नात. नातीचं नाव काढल्यावर दुर्गाबाईंनी त्या दिवसाचा हर्रास बुडवला आणि लग्नातलं लुगडं नेसून त्या अकराला उभ्या राहिल्या. नियमाप्रमाणे मागे फलक आणि पुढे पाच हसरे लाभार्थी होते. पहिल्या फोटोत लाभार्थी हसत नव्हते, दुसऱ्यात फलक कापला गेला, तिसऱ्यात अक्षांश-रेखांश उमटले नाहीत. सातव्या वेळेपर्यंत मेथीने मान टाकली. तेव्हा रूपालीचं विज्ञान मदतीला आलं. तिने जुडीच्या मधोमध लाकडी फूटपट्टी खोचली. मेथी ताठ उभी राहिली. ॲप म्हणालं: ‘अभिनंदन! सहभाग: १.’

“आता हे काय करू?” दुर्गाबाईंनी जुडी पुढे केली.

रूपाली ॲपमध्ये गुंतली होती. “झालं मावशी, फोटो निघाला,” ती म्हणाली आणि आपली फूटपट्टी तेवढी काढून घेतली.

दुर्गाबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, क्षणभर मेथीकडे, आणि जुडी घेऊन त्या घरी गेल्या.

इथे थांबली असती तरी चाललं असतं. पण एका मापनावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे रूपाली स्वतः मुलांना शिकवत असे. तिने एक वही आखली: दिनांक, नाव, भाजीचा प्रकार, वजन ग्रॅममध्ये. वही तिने खिडकीशी सुतळीने बांधली, शेजारी तराजू ठेवला आणि वर सुवाच्य अक्षरात पाटी लावली: ‘भाजी ठेवताना नोंद करावी. नोंद नसलेली भाजी ग्राह्य धरली जाणार नाही.’

दुसऱ्या दिवशी खिडकी रिकामी होती. तिसऱ्या दिवशीही. वहीत मात्र एकही चूक नव्हती.

उलट अकराची गर्दी वाढली. शाळेचे फोटो गावाच्या व्हॉट्सॲप गटावर जात, म्हणून लोक इस्त्रीचे कपडे घालून सहभागी होऊ लागले. डोमाजी मोठा पाना घेऊन शाळेच्या बंद पडलेल्या हापशाजवळ उभे राहिले. फोटो निघाला. ते निघाले.

“काका, हापसा?” रूपाली मागे धावली.

“गेल्या वेळेस दुरुस्त केला नं म्या? तवा फोटो नाई काढला तुमी. आता काढला. फिटलं.”

लोकसहभाग सत्तेचाळीसवर गेला. खिचडी मात्र पिवळीच्या पिवळी राहिली.

“मॅडम, खिचडीत मेथी काहून नाई?” प्रणालीने ताटात बोट फिरवत विचारलं. “घरी तर आजी लय मेथी काढून राहिली.”

रूपालीने राजापेठेतून स्वतः मेथी आणायला सुरुवात केली. ती नोंदवताही येईना. कारण सूचनापत्रातल्या व्याख्येनुसार कर्मचारी ‘लोक’ या सदरात मोडत नव्हते. शिवाय तिच्या स्कूटरच्या डिकीत मावणारी मेथी एकेचाळीस मुलांच्या ताटात शोधावी लागे. शेवटी ती दुर्गाबाईंच्या वावरात गेली.

“मावशी, पहिल्यासारखी ठेवत जा ना भाजी.”

दुर्गाबाई वाफ्यातून उठल्याही नाहीत. “कशाले? तुमीच पाटी लावली नं, माही भाजी धरत नाई म्हणून. प्रणालीनं वाचून दाखवली मले. पोरगी चांगली वाचते आता. तुमीच शिकवलं.”

“तसं नव्हतं हो म्हणायचं. नुसतं लिहून ठेवायचं होतं.”

“घरातल्या लेकराले वाढतो, ते मोजून लिहून ठेवत असतो का आपन? तुमी ठेवता?”

“पाटी काढते मी,” रूपाली म्हणाली.

“काढा. मंग पाहू.”

ती तडक शाळेत आली आणि स्टुलावर चढली. तेवढ्यात शेषराव सर मोबाइल हातात धरून पळत आले. सहा वर्षांत त्यांना पळताना कोणी पाहिलं नव्हतं.

“मॅडम, उतरा! लोकसहभागात आपली शाळा तालुक्यात पहिली! पाटीचे वेगळे पाच गुण आहेत, ‘पारदर्शकता’ म्हणून. जिल्ह्याची समिती पाहायला येते आहे. तोवर हात लावायचा नाही.”

“आणि भाजी, सर?”

“भाजीला गुण नाहीत,” सर म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. गुणतक्ता त्यांनी दाखवला. तो पाहून रूपाली स्टुलावरून उतरली. उतरताना पाटी तिरकी झाली होती, ती सवयीने सरळ केली.

समिती अजून यायची आहे. दरम्यान, लुगडं नेसलेल्या दुर्गाबाई आणि ताठ उभी मेथी हा फोटो फिरत फिरत पार अकोल्यापर्यंत पोचला. पाहणाऱ्यांनी अंगठे दिले, हात जोडले, ‘अशी गावं अजून आहेत म्हणून…’ असं लिहून डोळे पुसले. परवा नवीन सूचना आली: असा प्रत्येक अंगठा लोकसहभाग म्हणून नोंदवावा. रूपाली सध्या दुपारच्या सुटीत ती नावं वहीत उतरवते. पहिला अंगठा तिचा स्वतःचाच निघाला. तो नियमाप्रमाणे बाद झाला.

तुमचं नाव एकशे बाराव्या पानावर आहे. नोंद ग्राह्य धरली आहे. फक्त वजनाचा रकाना रिकामा राहिला आहे. त्यात किती ग्रॅम लिहायचे, तेवढं कळवा.