वारापुढची तारीख

व्यंकटरावांना चहा विचारला की ते म्हणतात, “चहा बरोबर हाव, अर्धविराम, साखर बरोबर न्हाई.” नांदेडच्या आमच्या तीन टेबलांच्या ऑफिसातल्या चहावाल्याने ‘साखर बरोबर’ एवढंच ऐकलं आणि महिनाभर त्यांना गोड चहा पाजला.

हे खूळ कामातून आलेलं. वेबसाइट आपल्या ब्राउझरकडे एक चिठ्ठी ठेवायला देते, तिला कुकी म्हणतात. नाव, भाषा, मुदत, सगळं तिच्यात ‘बरोबर’ची चिन्हं आणि अर्धविराम घालून एकाच ओळीत कोंबलेलं. ती ओळ तोडून प्रत्येक गोष्ट आपापल्या खान्यात ठेवायचा कोड आम्ही लिहितो. देगलूरच्या या पन्नाशीच्या गृहस्थांना त्यात इतका रस, की भांडणाऱ्या माणसालाही ते सांगतात, “अगुदर खाने पाडा, मंग बोला!”

दर सोमवारी ते डबाभर बालुशाही आणतात. फुकटचं आणि गोड, म्हणून आम्ही कधी कारण विचारलं नाही.

मागे माझ्या कोडमुळे एका साइटवरची गिऱ्हाइकं सारखी बाहेर फेकली जात होती. दोन कुक्या एकत्र आल्या की मध्ये स्वल्पविराम असतो, म्हणून मी दिसेल त्या स्वल्पविरामावर ओळ तोडली होती. मुदतीत आधी वार, मग तारीख असते आणि त्या वारापुढेही एक स्वल्पविराम असतो, हे ध्यानातच आलं नाही.

“काय करून राहिला गड्या! वार हिकडं, तारीख तिकडं. नुसत्या वाराचं काय करावं माणसानं?”

व्यंकटरावांचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. वहिनींचा. त्या माहूरकडच्या एका शाळेत शिक्षिका. बदली काही होत नाही, आणि सुट्टी आली की प्रशिक्षण नाहीतर सर्वेक्षण आडवं येतं.

“काय म्हणाल्या?”

“शनिवारी येते म्हणली.” मग हळूच, “तिला बालुशाही लई आवडती. दर शनिवारी आणून ठेवतो.”

सहा महिने आम्ही काय खात होतो, ते मला तेव्हा कळलं. लाज वाटली.

“कोणत्या शनिवारी ते विचारा की.”

“तारीख घेतली अन् तिला जमलं न्हाई, तर तारीख निघून जाती. शनिवार पुन्हा येतो.”

आता सोमवारी मी आधी त्यांच्या हाताकडे बघतो. डबा नसावा, एवढंच मनात असतं.