घुग्घुसचं पांढरं घर

गुरुवारी सकाळी धनराज नव्या घराच्या गच्चीवर पाण्याची नळी धरून उभा होता, आणि खालून त्याचा मेहुणा भूपेश ओरडत होता, "भाऊजी, वरून सोडा! अजून वरून!"

पाच महिन्यांपूर्वी बांधून झालं तेव्हा हे घर दुधासारखं पांढरं होतं. आता त्याला राखेची कळा आली होती. घुग्घुस म्हणजे कोळशाच्या खाणींचं गाव; घरासमोरच्या रस्त्याने दिवसभर कोळशाचे ट्रक जात, आणि जाता जाता प्रत्येक जण या घराला थोडाथोडा कोळसा देऊन जाई.

घर धनराजचं आणि सरिताचं, म्हणजे भूपेशच्या थोरल्या बहिणीचं. भूपेश आर्किटेक्ट. अकरा वर्षं तो पुण्यात केळवकर सरांच्या हाताखाली होता. केळवकर सर पांढऱ्या इमारतींसाठी देशभर प्रसिद्ध. छज्जा नाही, नक्षी नाही, रंगाची पट्टी नाही. नुसती सरळ पांढरी भिंत. त्यांच्या ऑफिसात भूपेशने पहिली तीन वर्षं पुठ्ठ्याच्या नमुन्यांवरची धूळ पुसली आणि पुढची आठ वर्षं जिने काढले. अख्खं घर कधी वाट्याला आलंच नाही. शेवटी तो चंद्रपूरला परतला आणि ऑफिस थाटलं. दोन वर्षं तिथे माणसं आली ती फक्त पत्ता विचारायला. मग बहिणीलाच त्याची दया आली.

आणि आता सरांचा फोन आला होता. त्यांच्या शिष्यांवर पुस्तक निघणार होतं, प्रत्येकाचं एक घर घेऊन. "रविवारी येतो. फोटो मीच काढणार. पांढरं आहे ना?"

"एकदम पांढरं, सर," भूपेश म्हणाला होता. एकदा पुस्तकात नाव आलं की लोक पत्ता विचारायला नाही, घर बांधायला येतील, असा त्याचा हिशोब होता.

नळीच्या पाण्याने धूळ निघाली नाही, ओघळली. तासाभरात भिंतीवर वरपासून खालपर्यंत काळे पट्टे उठले. शेजारची रुखमाबाई फाटकाशी थांबली. "काय वं सरिता, घरावर वाघ काढला का?"

शुक्रवारी भूपेशने रंगारी आणले. रंगाचे दोन हात दिले. तो सुकायच्या आत पन्नास-साठ ट्रक गेले आणि ओल्या रंगाने मिळेल ती धूळ पकडून ठेवली. संध्याकाळी भिंतीवर हात फिरवला तर तळव्याची साल निघावी.

"धूळच उडाली नाई पायजे," भूपेश म्हणाला. म्हणून शनिवारी टँकर बोलावून त्याने समोरचा रस्ताच भिजवला. धूळ खरोखर बसली, तिचा चिखल झाला. मग एक ट्रक जोरात गेला आणि तो चिखल खिडकीपर्यंत चढला.

"भूपेश," सरिता शांतपणे म्हणाली, "उद्या तू काईच नको करू. सरायले सांग, असंच हाय म्हणा."

"बाई, अकरा वर्षं गेली माझी!"

रविवारी पहाटेपासून त्याने स्वतः रोलर हातात घेतला. निदान पुढची भिंत तरी! दहा वाजेपर्यंत ती झाली. सरिताला झाडू देऊन त्याने पहाऱ्यावर बसवलं आणि शिडी घेऊन मागच्या बाजूला गेला.

तिकडे सरांना स्टेशनवरून आणणारी गाडी वाटेत पंक्चर झाली होती. धनराज मोटरसायकल घेऊन धावला. सरांनी मागे बसून, कोळशाच्या ट्रकांच्या रांगेमागून उरलेली वाट काढली. धनराजने त्यांना घराजवळच्या कोपऱ्यावर उतरवलं आणि, "तुमी व्हा पुढं, मी गरम सांबारवडी घेऊन येतो," म्हणून तो वळला.

सरिताला दिसला तो डोक्यापासून पायापर्यंत काळा झालेला एक म्हातारा. त्याने फाटक उघडलं, घराकडे मान वर करून पाहिलं आणि ओल्या भिंतीवर अख्खा पंजा टेकवला.

"ओ भाऊ!" सरिता झाडू उगारून उठली. "भिंतीले हात कशाले लावता? ड्युटीवरून आले तं पयले नळावर जा!"

म्हातारा नळावर गेला.

आवाज ऐकून भूपेश धावत आला. पांढऱ्याशुभ्र भिंतीच्या मधोमध पाच बोटं! "कोणाचा हात होय हा?"

"त्या बुड्याचा. हात धुऊन राह्यला नळावर."

भूपेश नळाशी गेला. "आजोबा, अक्कल हाय का काई? माझे सर येऊन राह्यले पुण्यावरून! पुस्तकात येनार हे घर!"

म्हाताऱ्याने तोंडावर पाणी मारलं. काळ्यातून आधी पांढऱ्या भुवया निघाल्या, मग नाक. "भूपेश," तो म्हणाला, "टॉवेल मिळेल का?"

टॉवेल आला, मग चहा आला. सरिताने कप पुढे केला. "माफ करजा सर. मले वाटलं, खदानीतला कोनी होय."

"बरोबर केलंत. ओल्या रंगाला हात लावायचा नसतो, हे मी चाळीस वर्षं सांगत आलोय."

भूपेशला राहवलं नाही. "सर, मी खोटं बोललो. घर पांढरं नव्हतं. तीन दिवसांत दोनदा रंग दिला."

सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी बांधलेल्या त्या प्रसिद्ध पांढऱ्या वाचनालयालासुद्धा वर्षातून दोनदा रंग देतात. मी फोटो पहिल्या दिवशीच काढून घेतो. अकरा वर्षं ऑफिसात होतास, तुला कुणी सांगितलं नाही?"

"मी जिन्यावर होतो, सर."

सर पहिल्यांदाच हसले. मग सरिताकडे वळले. "ताई, खरं सांगा. घर कसं आहे?"

सरिताने भावाकडे पाहिलं. "घर चांगलं हाय, सर. पन…"

तो 'पन' पाऊण तास चालला. तिने सरांना घरभर फिरवलं. पाऊस खिडकीतून कुठे येतो, उन्हाळ्यात कोणत्या खोलीत पापड भाजून निघतात, ओली छत्री ठेवायला जागा काऊन नाही. सर मुकाट्याने मागे फिरत वहीत लिहीत होते, आणि भूपेश त्यांच्या मागे मान खाली घालून. सांबारवडी थंड झाली.

सर निघाले तेव्हा भूपेशने पंज्यावरून फिरवायला रोलर उचलला. "राहू दे," सर म्हणाले आणि पंज्यासकट फोटो काढून गेले.

महिनाभराने सरांचा फोन आला. नाव पाहून भूपेश खुर्चीतून उठून उभा राहिला.

"सर! पुस्तक निघालं?"

"निघेल. आधी ताईंना फोन दे. नाशिकच्या बंगल्याचा नकाशा पाठवलाय, तो त्यांना दाखव."

भूपेश मोटरसायकलवरून थेट घुग्घुसला गेला आणि तिथून त्याने सरांना फोन लावला. सरिता हात पुसत आली, नकाशावर वाकली आणि फोनवर म्हणाली, "सर, भांडे घासाले बाई बसन कुठी? इथी? मंग तिच्या अंगावरून जाईन का घरातला मानूस?"

"मग कुठे बसवू?" पलीकडून सरांनी विचारलं.

"थांबा, मी काढूनच पाठवीन," ती म्हणाली. "भूपेश, पेन्सिल दे. अन् सरक जरासा, उजेड अडून राह्यला."